कंडक्टरकाकांची दुर्बीण

माझं अक्षर चांगलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ तर कधी जमलंच नाही. वेलांटी कुठल्या बाजूला वळवायची हे अजूनही हात थांबवून आठवावं लागतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मेंढरं आमच्याच गावात होती, म्हणून तिथंच राहिलं. जो कोणी हे वाचेल त्याने चुका पोटात घालाव्यात. खरं म्हणजे कोणी वाचावं म्हणून मी लिहीतच नाही. परवा डोक्यावरचं एक ओझं उतरलं. चार माणसांत बोलून दाखवणं माझ्या स्वभावात नाही, आणि न सांगता बसवत नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव आष्टी तालुक्यात. वरच्या अंगाला माळ, खालच्या अंगाला पाझर तलाव, मधे ज्वारी आणि कापूस. आमच्या शाळेवर एक बाई आल्या. त्या आष्टीहून स्कूटीवर येतात आणि त्यांना पाखरांचा नाद आहे. आल्या त्याच वर्षी त्यांनी पोरांना सांगितलं की रविवारी सकाळी तलावावर पाखरं बघायला यायचं, आणि येताना घरातलं एक मोठं माणूस आणायचं.

गावात हसाहस झाली. पारावर एकजण म्हणाला, "पाखरं बघायला? मग मी रोज सकाळी टमरेल घेऊन जातो तवा काय बघतो?"

आमच्या घरातून कोण जाणार हा प्रश्न होता. मालक मेंढरांमागे. आत्याचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे धरलेले. राहिले मी. लेकीने रडून हट्ट धरला म्हणून गेले, नाहीतर गेले नसते. डोक्यावरचा पदर पुढे ओढून सगळ्यांच्या मागे उभी राहिले. सोबतीला शेजारीण होती. ती विधवा आहे, एकटी राहते, आणि तिला बोलायला विषय लागत नाही. तिच्यामुळे मला कधी बोलावं लागत नाही, म्हणून आमचं चांगलं जमतं.

त्या दिवशी आष्टीहून बाईंबरोबर एक म्हातारे गृहस्थ आले होते. ते एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणत. पोरं तलावाच्या भिंतीवर एका जागी गर्दी करून उभी राहिली की ते सवयीने ओरडत, "चला, म्होरं सरका, म्होरं सरका, मधी लई जागा हाय!" त्यांच्या गळ्यात एक काळी दुर्बीण होती. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा घरच्यांनी सांगितलेलं सगळं करून झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी ती एवढी एक वस्तू घेतली होती. हे त्यांनीच सांगितलं.

पुढे दर महिन्याला एक फेरी ठरली. पोरं हळूहळू कमी झाली. माझी लेकसुद्धा आता त्या सकाळी झोपून राहते. पण मी जातच राहिले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता विचार केला तर वाटतं, घरात मला दिवसभर हाका येतात त्या कामासाठी. तिथं हाक यायची ती, "ताई, इकडं या, हे बघा," अशी. बघण्यासाठी मला आधी कोणी बोलावलं नव्हतं.

आणि बघण्यासारखं होतं. टिटवी मी जन्मल्यापासून बघते. पण टिटव्या दोन असतात हे मला बाईंनी दाखवलं. एकीच्या डोळ्यापुढे लाल गाठ, दुसरीला पिवळी, आणि पिवळीवाली माळावरच राहते. आयुष्य त्याच माळावर गेलं आणि मला दोन्ही एकच वाटत होत्या. आम्ही ज्याला नुसतं चंडोल म्हणायचो त्यातही तीन-चार प्रकार निघाले. मला त्यातले अजूनही ओळखता येत नाहीत.

मोजायची वेळ आली तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. हिवाळ्यात एक मोजणी असते. ठिकठिकाणची हौशी माणसं आपापल्या भागातली पाखरं मोजून कळवतात, आणि ते सगळं एकत्र होतं. आमच्या गावचं बाई त्यांच्या मोबाईलवरून कळवतात. आमच्या पहिल्या मोजणीला तलावात बदकांचा मोठा थवा उतरला होता. काकांनी मला विचारलं, "ताई, किती हायेत?"

मी म्हटलं, "हायेत चार-दोन."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग तलावाकडे बघितलं. पाणी दिसत नव्हतं इतकी बदकं होती.

आमच्याकडे मेंढरं मोजायची नाहीत अशी रीत आहे. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाघरात शिरतात तेव्हा कडेला उभं राहायचं. एखादं कमी असेल तर नजरेला कळतं. तोंडाने आकडा काढायचा नाही. बाहेरच्या माणसाने किती असं विचारलं तर चार-दोन म्हणायचं. मी लहानपणापासून तेच म्हणत आले, ते तोंडात बसलेलं.

शेजारणीने काकांना सांगितलं, "यांच्यात मोजत न्हाईत, काका. मोजलं की कमी हुतेत म्हणं."

काका जरा विचार करून म्हणाले, "बरोबर हाय. घरचं मोजूच नये. पण ही पाखरं काय ताईंच्या घरची न्हाईत. ही सरकारी हायेत. सरकारी मोजलेलं चालतं."

मला हसू आलं. मग त्यांनी मला मोजायचं शिकवलं. गाडी खच्चून भरली की कंडक्टर डोकी मोजत नाही, बाकं मोजतो, असं ते म्हणाले. एका बाकावर किती बसतात ते एकदा नीट बघायचं, आणि तेवढ्या जागेची बाकं थव्यावर टाकत जायचं. "उभे असलेले वरून धरायचे," ते म्हणाले. मी तशी बाकं टाकत गेले. माझा आकडा आणि बाईंचा आकडा जवळजवळ आला. त्या रात्री मी मनातल्या मनात घरातल्या भांड्यांचीसुद्धा बाकं केली.

पुढच्या मोजणीच्या थोडं आधी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता. त्या सकाळी त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि माझ्यापुढे धरली. "ताई, मला अजून हिच्यातून धड दिसत न्हाई. तुमी बघा, मी लिव्हतो."

त्याआधी कोणाच्या तरी दुर्बिणीला घाईघाईने डोळा लावला होता, पण पूर्ण सकाळ हातात असणं वेगळं. बाई बाकीच्यांना घेऊन तलावावर गेल्या. काका, शेजारीण आणि मी असे तिघं माळाच्या कडेने निघालो. गवतात एक पाखरू तुरुतुरु पळायचं, थांबायचं, वाकायचं, पुन्हा पळायचं. याला धाविक म्हणतात. मी दुर्बीण लावली. त्याच्या डोळ्यातून मागे काळी रेघ गेली होती, तिच्यावर पांढरी रेघ, आणि दोन्ही मानेमागे जाऊन टोकाला मिळाल्या होत्या. इतक्या निगुतीने मला कधी लेकीच्या डोळ्यांत काजळ घालता आलं नाही. ते माझ्याकडे बघत होतं.

दुर्बिणीचा पट्टा माझ्या गळ्यातल्या डोरल्यात अडकत होता, म्हणून मी तो काढून हाताला गुंडाळून घेतला होता. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं.

माळ संपतो तिथं एक बांध आहे. बांधापलीकडे ज्वारी होती, दाण्यांनी भरलेली, आणि ज्वारीच्या एका कडेने दगडांचा ओढा जातो. आम्ही बांधावर पोहोचलो आणि भोरड्या आल्या. भोरड्या म्हणजे काळ्या-गुलाबी साळुंक्या. थंडीत लांबच्या देशातून येतात, हे मला बाईंनी सांगितलं. आम्हाला एवढंच माहीत होतं की येतात आणि ज्वारी खातात. तो थवा आधी ऐकू आला, मग दिसला. चुलीतून एकदम धूर निघावा आणि वाऱ्याने फिरावा तसा फिरला.

"मोजा ताई," काका वही उघडत म्हणाले. "बाकं धरा, बाकं."

थवा वळला आणि सगळाच्या सगळा ज्वारीवर उतरला. ज्वारीची उभी ताटं वाकली.

मी लहान होते तेव्हा ज्वारीत लाकडाचा माळा बांधलेला असायचा आणि त्यावर उभं राहून पाखरं राखायचं काम माझं. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हातात गोफण. दगड घालायचा, डोक्यावरून दोन गिरक्या द्यायच्या, एक टोक सोडायचं, आणि तोंडाने आरोळी ठोकायची. आई खालून म्हणायची, "एक कणीस गेलं की एक भाकरी गेली." गोफण हातातून सुटून कितीतरी वर्षं झाली. पण थवा ज्वारीवर उतरला, हाताला पट्टा लागला, पट्ट्याच्या टोकाला वजन लागलं, आणि माझं डोकं काही म्हणायच्या आत हाताने गिरक्या दिल्या. दोन. आणि सोडलं.

"हा-हाऽऽऽ हो!"

माझा आवाज शेजारच्या घरात जात नाही असं सगळे म्हणतात. ती आरोळी तलावावर बाईंना ऐकू गेली.

सगळा थवा उठला. आभाळ काळं झालं. दुर्बीण ज्वारीवरून गेली आणि ओढ्यातल्या दगडांवर वाजली.

मग शेजारीण म्हणाली, "अगं बया! हात अजून चालतोय की तुझा."

काकांनी वर बघितलं. "उडाल्या तर उडाल्या," ते म्हणाले. "वर हायेत तोवर बाकं तर टाकून घ्या. आकडा सांगा."

मी आकडा कसा सांगितला मला आठवत नाही. त्यांनी तो लिहिला, वही बंद करून पिशवीत ठेवली, आणि मगच ओढ्यात उतरले. मी बांधावरच बसले. ते दुर्बीण घेऊन वर आले. एका बाजूची काच तडकली होती आणि आत काहीतरी खुळखुळत होतं. त्यांनी ती डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं.

"एका ताईच्या दोन ताया दिसत्यात," ते म्हणाले. "मोजणीला बरंच हाय."

ते मला हसवायला बोलत होते. मला रडू आलं.

आष्टीतल्या चष्म्याच्या दुकानदाराने ती बघितली आणि पुण्याला पाठवावी लागेल, दुरुस्तीला जवळजवळ नव्याइतकेच पैसे लागतील, असं सांगितलं. नवी आठ हजारांची. बाईंना मी हळूच विचारलं तेव्हा त्यांनी हा आकडा सांगितला, आणि लगेच म्हणाल्या, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. काका काही मागणार नाहीत."

मागणार नाहीत हेच तर अवघड होतं. मागितले असते तर भांडता तरी आलं असतं. न मागणाऱ्या माणसापुढे दर महिन्याला जाऊन उभं कसं राहायचं? आणि जायचं बंद केलं तर मला बघायला बोलावणारी ती एकच जागा संपणार. मी दोन-तीन रात्री तेच उलटंपालटं करत पडून राहिले. शेवटी ठरवलं की पैसे द्यायचे, सगळे, आणि आपल्या हाताचे.

पुढच्या फेरीला पदराच्या टोकाला पाचशे रुपये बांधून गेले. ते खुरपणीचे होते. काकांपुढे हात धरला.

"हे काय, ताई?"

"दुर्बिणीचे."

"ठिवा ते. मला आता तसंबी हिच्यातनं दिसत न्हाई."

"तुमाला दिसू नायतर न दिसू. मोडली मी."

परक्या पुरुषाशी मी एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलले. काका हात मागे बांधून उभे राहिले. मी हात तसाच धरलेला. शेजारीण म्हणाली, "घ्या की काका. तिचा हात लाकूड व्हायच्या आत घ्या."

बाई जवळ आल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घ्या काका. तुम्ही घेतले नाहीत तर या यायच्या बंद होतील."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी नोट घेतली. "बरं. पण जमंल तसं द्यायचं. घाई न्हाई. ही काय शेवटची गाडी न्हाई."

घरी मी काहीच सांगितलं नाही. घरी आधीच हे सगळं जेमतेम चाललं होतं. महिन्यातली एक सकाळ मी पाखरांमागे घालवते म्हणून आत्या बोलायच्या, "पाखरं बघून पोट भरतं का?" मालक बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. आठ हजारांची वस्तू मी ओढ्यात फेकली हे कळलं असतं तर माझं जाणं तिथंच संपलं असतं. म्हणून कापूस वेचणीला जास्त गेले. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. घरात द्यायचे तेवढे दिले आणि वरचे बाजूला ठेवले. कधी दोनशे, कधी पाचशे, फेरीला काकांच्या हातात. एका वर्षी वेचणीच्या तोंडावरच पाऊस लागला आणि बोंडं झाडावरच काळी पडली. तेव्हा तीन-चार फेऱ्या मी रिकाम्या हाताने गेले. काका काही बोलले नाहीत. मीच लांब उभी राहिले.

आणखी एक मी मनाशी ठरवलं होतं. पैसे फिटेपर्यंत कोणाचीही दुर्बीण डोळ्याला लावायची नाही. बाई स्वतःची पुढे करायच्या. मी म्हणायची, डोळे दुखतात. त्यामुळे माझी पुष्कळ फजिती झाली. एकदा बाभळीच्या शेंड्यावर निळं काहीतरी बसलेलं दिसलं. मी मोठ्या धाडसाने सगळ्यांना सांगितलं, "नीलकंठ!" सगळे थांबले. दुर्बिणी वर गेल्या. बाईंनी जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, खताची पिशवी आहे."

"लिव्हा, लिव्हा," शेजारीण म्हणाली. "खताची पिशवी, एक. उडाली न्हाई."

तिने ते गावभर सांगितलं. मला राग आला नाही. हसण्यावारी गेलं की त्यामागचं काही कोणी विचारत नाही.

असं जवळजवळ सगळं फिटत आलं होतं, तेव्हा ते झालं ज्याची मला भीती होती. मालक बोकड विकायला आष्टीच्या बाजारात चालले होते. मलाही मिरची-मसाला घ्यायचा होता, म्हणून बरोबर गेले. बोकड बऱ्या भावाला गेला. आम्ही चहाच्या टपरीजवळ उभे होतो आणि समोरून काका आले, हातात मेथीची जुडी घेऊन.

"राम राम! ताई! आन हे मालक का?"

मी डोळ्यांनी नको-नको म्हणत होते. पण काकांच्या डोळ्याला जवळचं कमीच दिसतं.

"लई चोख हायेत बगा तुमच्या मालकीणबाई," काका मालकांना म्हणाले. "आमी नको नको म्हणतोय, तरी दुर्बिणीचं पैसं फेडत आणल्यात."

"कंची दुर्बीण?" मालक म्हणाले.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मेथीकडे बघितलं. "मेथी लई स्वस्त झालीया," ते म्हणाले.

"काका, कंची दुर्बीण?"

मग सांगावंच लागलं. काकांनी जमेल तेवढं सावरून सांगितलं, चूक पाखरांची होती असंसुद्धा म्हणून बघितलं. मालक ऐकत राहिले. चहाचे पैसे दिले आणि स्टँडकडे चालू लागले.

गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. ते खिडकीबाहेर बघत होते. मी मिरचीची पिशवी मांडीवर धरून बसले. एवढंच डोक्यात होतं की आता परवाचा रविवार नाही, पुढचा नाही, कधीच नाही. काकांना उरलेले पैसे कोणाच्या हाताने पोचवायचे, त्याचाही विचार करून झाला. फाट्यावर उतरलो. गावाचा रस्ता माळावरूनच जातो. मालक पुढे, मी मागे. मग ते थांबले.

"किती लांब गेली?"

"काय?"

"दुर्बीण. फेकलीस तवा."

"वड्यापतुर."

"कुठनं? बांदावरनं?"

"हं."

त्यांनी बांधाच्या दिशेने बघितलं. तिथून ओढा कुठे येतो ते बोटाने हवेत धरलं. मग माझ्या हाताकडे बघितलं.

"ज्वारीवरनं? वड्यापतुर?"

"हं."

ते जे हसायला लागले ते थांबेचनात. खाली बसले. पटका काढून डोळे पुसले. "माजी गोफण तिथवर जात न्हाई," ते म्हणाले. "आन तू आठ हजाराची दुर्बीण घालून..." आणि पुन्हा हसले. मी पिशवी धरून उभी. मलाही मग हसू यायला लागलं, आणि हसता हसता मीही खाली बसले. रस्त्याने मोटारसायकलवरून जाणारा एकजण आमच्याकडे वळून वळून बघत गेला.

"कावून सांगितलं न्हाईस?" ते पटका बांधत म्हणाले.

"जायाचं बंद केलं असतंत."

ते गवताची काडी मोडत बसले. मग म्हणाले, "किती राहिल्यात?"

मी सांगितलं.

"बोकडाचं हायेत की. देऊ?"

"नगं. माजं मी देती."

"बरं," ते म्हणाले आणि उठले.

घरी गेल्यावर त्यांनी ते आत्यांना सांगितलं, हाताने गिरकी करून दाखवत. आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "माळाला दगड कमी पडलं व्हतं का गं?"

पुढची पाकळी सोलत त्याच म्हणाल्या, "आता पैसं फिटंस्तवर जा बाई. न्हाई गेलीस तर त्यो कंडक्टर म्हणंल, धनगराच्या सुनंनं बुडिवलं."

त्या रात्री मी फार दिवसांनी आडवी होताच झोपले. आत्या तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगतात. दर खेपेला ओढा थोडा लांब जातो. आता तो जवळजवळ शेजारच्या गावाच्या शिवेत गेला आहे.

यंदा कापूस बरा आला. वेचणीला बायका मिळेनात, त्यामुळे भावही वाढवून मिळाला. परवा मोजणी होती. थंडी चांगली होती, तलावावर वाफ धरलेली. मी शेजारणीबरोबर गेले. मोजणी होईपर्यंत कोणाला काही म्हटलं नाही. काम मधे थांबवायचं नाही हे मी काकांकडूनच शिकले. सगळं लिहून झालं, बाई मोबाईलवर भरायला बसल्या, तेव्हा मी काकांजवळ गेले. ते तलावाच्या भिंतीवर उन्हाला बसले होते. मी पदराची गाठ सोडली. नोटा शंभराच्या होत्या, वेचणीच्या, थोड्या मळलेल्या.

"आणलं का?" ते म्हणाले आणि नोटा तशाच खिशात घालायला लागले.

"मोजा, काका."

"ताई, तुमचं काय मोजायचं?"

"मोजा."

त्यांनी नोटा उभ्या दुमडल्या आणि बोटांच्या बेचक्यात धरल्या, जशा ते गाडीत धरत असतील. अंगठा जिभेला लावला. पहिल्या नोटेला ते एक म्हणाले नाहीत, बरकत म्हणाले, आमच्याकडे खळ्यावर पहिलं माप टाकताना म्हणतात तसं. मग दोन, तीन, असं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. शेजारीणसुद्धा गप्प उभी होती. बाईंनी मोबाईलवरून मान वर केली.

शेवटच्या नोटेवर त्यांनी अंगठा थांबवला, सगळ्या सारख्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या. खिशाचं बटण लावलं.

"फिटलं, ताई," ते म्हणाले. "पैशापैशानं फिटलं."